फायर स्टेशनातली चूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेच्या फायर स्टेशनवर मी १९ वर्षं बंबावर आहे. त्यातली १४ वर्षं मेसची वही माझ्याकडे आहे. आसपासच्या तालुक्यांत नवी स्टेशनं उभी राहिली, नवी पोरं लागली आणि त्यांचे फोन येऊ लागले. "दादा, दहा जणांना पीठ किती काढायचं?" "दादा, रोजा असलेल्याचं कसं करता?" सांगून सांगून जे साठलं ते इथं एकत्र लिहिलंय. आठ-दहा माणसांची पाळी, २४ तासांची ड्युटी, दोन शेगड्यांची एक खोली आणि बाजूला उभा बंब, असं स्टेशन डोळ्यांसमोर धरलंय. आमच्याकडे आगीच्या खबरेला वर्दी म्हणतात. घरच्या मंडळींनी वाचताना तिचा अर्थ गणवेश असा घेऊ नये.

घरून डबा येतो, मग स्टेशनवर चूल कशाला?

डबा सकाळी आठला येतो आणि ड्युटी दुसऱ्या सकाळी आठला सुटते. मे महिन्यात पारा ४३ ला टेकला की सकाळची भाजी दुपारी तीनलाच आंबूस लागते. आमच्या पाळीतले निम्मे लोक पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या खेड्यांतून येतात, त्यांना रात्रीचा डबा कोण आणून देणार? आणि रात्री दोनला उसाच्या फडावरून परतलं तर तालुक्याच्या गावात चहाची टपरीसुद्धा उघडी नसते.

हे झालं पोटाचं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. एका भगुन्यातून वाढलं जातं तेव्हा कोण जेवत नाही हे दिसतं. आपापला डबा उघडून भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाचं काही कळत नाही. आमच्या एका पोरानं सलग दोन जेवणांना अर्धी भाकर खाऊन ताट सरकवलं. लीडिंग फायरमननी जवळ बसून विचारलं, तेव्हा कळलं की अंगात ताप आहे. कंत्राटावर असल्यामुळे रजेचा पगार कापला जाईल म्हणून तो बोलत नव्हता. त्या रात्री त्याला बीए सेट (धुरात श्वास घ्यायचं उपकरण) लावून आत पाठवला नाही. धुरात आपण जोडीनं शिरतो. जोडीदाराला आज बरं आहे का नाही, हे आम्हाला पंगतीत कळतं.

स्वयंपाक चालू असताना वर्दी आली तर आधी काय?

आधी गॅस. बूट त्यानंतर.

आमचा क्रम ठरलेला आहे. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, शेगडीची बटणं बंद, भांड्यावर झाकण आणि मग मोठ्यानं ओरडायचं, "गॅस बंद!" सगळं मिळून पाच सेकंदांचं काम. वॉच रूममधला माणूस तिकडून "ऐकलं" म्हणतो आणि बंब गेटबाहेर पडल्यावर स्वतः आत येऊन रेग्युलेटरला हात लावून बघतो.

ओरडायचं कशासाठी, असं नवी पोरं विचारतात. सात वर्षांपूर्वी कडब्याच्या गंजीची वर्दी आली तेव्हा शेगडीवर डाळ होती. ढवळणाऱ्याला वाटलं दुसऱ्यानं गॅस बंद केला, दुसऱ्याला वाटलं ढवळणाऱ्यानं केला असेल. आम्ही तिकडे गंजी उपसत होतो आणि इकडे डाळीचा कोळसा होऊन खोली धुरानं भरली. वॉच रूमला थांबलेल्या काकांना वास आला म्हणून निभावलं. त्या भगुन्यात तेल असतं तर आम्ही परत येईपर्यंत स्टेशन जळालं असतं. तेव्हापासून तोंडानं सांगितल्याशिवाय गॅस बंद झाला असं आम्ही धरत नाही.

असं फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेतल्या फायर स्टेशनांत पाळीतल्या माणसांनी वर्गणी काढून एकत्र स्वयंपाक करायची जुनी रीत आहे, आणि जेवण शेगडीवर राहिल्यामुळे खुद्द स्टेशनलाच आग लागल्याच्या घटना तिथंही झाल्या आहेत. म्हणून तिथल्या कित्येक स्टेशनांत वर्दीची घंटा वाजली की शेगडीचा गॅस किंवा वीज आपोआप तुटते. आपल्याकडे ही सोय होईपर्यंत हे काम माणसाच्या हातानंच करायचं आहे.

ड्युटीवर भजी, पुऱ्या तळाव्यात का?

आमच्याकडे नाही. कढईभर तापलेलं तेल पाच सेकंदांत थंड होत नाही. घाईत कुणाचा धक्का लागला तर भाजणारा माणूस बंबावर चढायचा माणूस असतो. पावसाळ्यात पोरांना भज्यांची आठवण येते, मलाही येते. ती आम्ही सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी घरी करतो.

तेल पेटलंच तर गॅस बंद करायचा, कढईवर मोठं झाकण किंवा परात सरकवायची आणि निवेपर्यंत उघडायची नाही. पाणी अजिबात टाकायचं नाही. पाणी तेलाखाली जातं, क्षणात वाफ होतं, ती वाफ पाण्याच्या जवळपास १,७०० पट जागा घेते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवते. शाळांत प्रात्यक्षिकं देताना आपण हे सांगतो, तेच आपल्या खोलीत पाळायचं.

मग करावं तरी काय?

आमच्याकडे एखादा पदार्थ करायचा का नाही हे एकाच गोष्टीवरून ठरतं: हा मधेच सोडून जाता येतो का? चव, स्वस्ताई, सगळं त्यानंतर.

कुकर सगळ्यात भरवशाचा. तुरीचं वरण, मटकी, चवळी, मसालेभात, खिचडी हे कुकरला लावलं आणि वर्दी आली, तर गॅस बंद केल्यावरही आतल्या वाफेवर ते बरंच शिजतं. उघड्या भगुन्यात अर्धा शिजलेला भात मात्र सोडून गेलात तर त्याचा गोळा होतो, म्हणून भात कायम कुकरलाच. आमटी कधीही थांबवता येते. तासाभरात परत आलात तर पुन्हा खळखळ उकळी आणायची आणि वाढायची.

येसर घरात नसेल तर करून घ्या. धान्यं, डाळी आणि खडा मसाला भाजून दळलेलं हे पीठ मराठवाड्यातल्या घराघरांत वर्षाचं करून ठेवतात. लसणाची फोडणी, पाणी, त्यात कालवलेलं येसर, मीठ, चिंच. पंधरा मिनिटांत दहा माणसांचं कालवण होतं, आणि भाजी आणायला बाजारात माणूस पाठवावा लागत नाही. स्टेशनसाठी याहून कामाची वस्तू मला माहीत नाही. आमच्याकडे दर पाळीतल्या एकाच्या घरून दोन किलो येसर येतं. प्रत्येकाच्या आईचं वेगळं लागतं आणि त्यावर वाद होतात, ते होऊ द्यावेत.

पिठलं परत आल्यावरच करायचं. बेसन ताकात आधी कालवून ठेवलं की गुठळ्या होत नाहीत आणि दहा मिनिटांत काम होतं. पण ते सतत घोटावं लागतं, मधेच सोडलं तर खाली लागलंच म्हणून समजा. हिवाळ्यात हुलग्याचे शेंगोळे करतो. ते वळून ताटात ठेवता येतात आणि पाणी उकळलं की सोडता येतात. वळायला चार जण बसले की गप्पाही होतात. वरणफळांच्या वाटेला मी जात नाही. घरी मला फार आवडतात, पण अर्ध्यावर सोडली की त्यांचा लगदा होतो. सकाळच्या न्याहारीला मुरमुऱ्यांचा सुशीला. मुरमुरे भिजवून पिळले आणि शेंगदाणे, मिरची, कांद्याच्या फोडणीवर परतले की पाच मिनिटांत ताटल्या भरतात.

दहा माणसांना किती लागतं?

माझ्या वहीतले आकडे देतो. ज्वारीच्या एका भाकरीला साधारण ९० ते १०० ग्रॅम पीठ जातं. माणशी अडीच भाकरी धरल्या तर अडीच किलो पीठ. वरणाला तुरीची डाळ ६०० ग्रॅम. भाकरीसोबत भात असेल तर तांदूळ ७०० ग्रॅम. नुसत्या खिचडीवर रात्र काढायची असेल तर तांदूळ एक किलो आणि मुगाची डाळ ४०० ग्रॅम. पिठल्याला बेसन अर्धा किलो आणि ताक-पाणी मिळून दोन-अडीच लिटर. मटण दीड ते दोन किलो, ते वर्गणीवर ठरतं.

यात कायम दोन माणसांचं जास्त धरा. बंदोबस्तावरचे पोलीस दादा, वीज तोडायला आलेला वायरमन, जळालेल्या घरातून रात्रीपुरतं कुठं जावं हे न सुचलेला एखादा म्हातारा, कुणी ना कुणी असतंच. आणखी एक अनुभव सांगतो. जड वर्दीवरून आलेली माणसं भाकर कमी खातात आणि पातळ कालवण-भात जास्त खातात. घसा कोरडा पडलेला असतो, भाकर चावायचीही ताकद नसते. अशा वेळी भाकरीचं पीठ मळायची घाई करू नका.

भाकर थापता येत नाही, काय करू?

शीक. आमच्याकडे सगळ्यांना येते, साहेबांनासुद्धा.

भाकर फाटते त्याला बहुतेक वेळा हात जबाबदार नसतो, पीठ असतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. म्हणून दळण दहा-बारा दिवसांचंच आणावं. विरी गेलेलं पीठ असेल तर उकळतं पाणी घालून कालवावं, थोडं निवू द्यावं आणि मग तळहाताच्या बुडानं रगडून मळावं. सगळं पीठ एकदम मळू नये. काठवटीत एका-दोन भाकरींचाच उंडा घ्यावा, नाहीतर शेवटच्या भाकरीपर्यंत पीठ सैल पडतं आणि कडा चिरतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात पातळ आणि सारखा फिरला पाहिजे, तो सुकायच्या आत उलथायची.

भाकरीला कायम दोन माणसं लावा, एक थापायला आणि एक भाजायला. म्हणजे वर्दी आली तर तव्याजवळ माणूस असतोच. जालना-बदनापूरकडची दगडी ज्वारी मिळाली तर नक्की घ्या, तिची भाकर वेगळीच लागते.

पैशाचं कसं जमवता?

ड्युटीमागे माणशी ६० रुपये, साहेबांपासून नव्या पोरापर्यंत सारखेच. मटणाच्या दिवसाची वर्गणी वेगळी आणि ती खाणाऱ्यांचीच. ज्वारी आणि तूर पाळीतल्या शेतकरी घरांकडून बाजारभावानं घेतो, फुकट घेत नाही. वही वॉच रूमच्या टेबलावर उघडी असते, कुणीही कधीही बघावी.

एका वर्षी कंत्राटी पोरांचे पगार तीन महिने लटकले. त्यातल्या दोघांनी "आम्हाला भूक नाही" म्हणत जेवणाच्या वेळी शेडमध्ये जाऊन बसायला सुरुवात केली. ज्या माणसाला रात्री शिडीवर चढायचंय तो उपाशी बसतो, हे बघणं मला फार जड गेलं. आम्ही कायम नोकरीवाल्या पाच जणांनी वर्गणी वाढवली. त्या तीन महिन्यांत वहीत त्यांच्या नावापुढे रक्कम लिहिली नाही, फक्त हजेरी लिहिली. पगार आल्यावर त्यांनी पैसे पुढं केले. आम्ही ते घेतले नाहीत, त्यांनी त्यातून एक मोठा कुकर आणला. तो अजून वापरात आहे.

सिलिंडरबद्दल काय काळजी घ्यावी?

मेससाठी १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर वापरू नका, १९ किलोचा व्यावसायिक घ्या. हॉटेलांच्या तपासणीला गेल्यावर आपण हेच सांगतो. सिलिंडर कायम उभा, शेगडी त्याच्याहून उंच ओट्यावर. आयएसआय चिन्हाची सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून खोलीला खाली जमिनीजवळही जाळी हवी, वरचा झरोका पुरत नाही. वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, दिवा चालूही नाही आणि बंदही नाही. गॅसगळतीचा मदत क्रमांक १९०६ खोलीच्या दारावर लिहून ठेवा. आपण फायर ब्रिगेडवाले आहोत म्हणून आपल्याला लागत नाही, असं समजू नका.

खोलीचं दार बंबाच्या शेडमध्ये उघडत असेल तर ते कायम लावलेलं ठेवा, जमलं तर दुसरीकडून काढा. बंब सुरू झाला की डिझेलचा धूर थेट पातेल्यांवर येतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच तो कर्करोगकारक ठरवला आहे.

आगीवरून आल्यावर लगेच जेवायला बसलं तर चालतं का?

नाही. आमच्या पिढीनं हे चुकीचं केलं म्हणून मी जरा कळकळीनं सांगतो. पूर्वी काजळीनं माखलेला अंगरखा घालूनच आम्ही पंगतीला बसायचो आणि त्याचा अभिमान वाटायचा. ती काजळी नुसती राख नसते. प्लास्टिक, फोम, रंग, कीटकनाशकं जळून जे तयार होतं ते तिच्यात असतं, ते कातडीतून आणि हाता-तोंडातून पोटात जातं. त्याच कर्करोग संस्थेनं २०२२ मध्ये फायरमनचा व्यवसायच कर्करोगकारक गटात, पहिल्या वर्गात टाकला.

तेव्हा अंगरखा, गमबूट, हातमोजे शेडमध्येच उतरवायचे. हात, तोंड, मान आणि कानामागचा भाग साबणानं धुवायचा, जमलं तर अंघोळच करायची. मगच स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा. आमच्या उंबऱ्यावर आम्ही लाल रंगाची पट्टी मारली आहे, तिच्या आत बूट येत नाही.

जेवायच्या आधी पाणी. उन्हाळ्यात जड अंगरखा घालून काम केलं की तासाला लिटरभर किंवा जास्तच घाम जातो. परतल्यावर घटाघट गार पाणी ढोसण्यापेक्षा थोडं थोडं मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू-सरबत घ्यावं. फार गळाल्यासारखं झालं असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कुणी असंबद्ध बोलायला लागला, चक्कर येऊन पडला, अंग तापून लाल झालं तर त्याला खायला-प्यायला देत बसू नका. अंग गार करा आणि दवाखान्यात न्या.

वर्दीमुळे पडून राहिलेलं अन्न परत खाता येतं का?

निघताना वॉच रूमच्या पाटीवर वेळ लिहा. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात दोन तासांहून जास्त राहिलं की त्यात जंतू वाढतात. आमच्या एप्रिल-मेमध्ये मी एकच तास धरतो. वेळेत आलात तर नुसतं कोमट करू नका, उकळी फुटेपर्यंत तापवा.

भाताबद्दल जास्त कडक राहा. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजल्यावरही जिवंत राहतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा फोडणी दिल्यानं मरत नाही. रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकायची सवय घराघरांत आहे, पण सगळ्या पाळीला एकदम उलट्या सुरू झाल्या तर बंब कोण नेणार? अन्न टाकताना जीव तुटतो. भाकरी मात्र टाकायच्या नाहीत, सकाळी कुस्करून कांदा-मिरचीची फोडणी द्यायची.

बंबाच्या टाकीतलं पाणी स्वयंपाकाला वापरतात का?

कधीच नाही. ती टाकी विहीर, तलाव, शेततळं, मिळेल तिथून भरलेली असते. पिण्याचं पाणी वेगळं साठवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यापासून आमच्याकडे भाजी धुतलेलं पाणी बादलीत धरून झाडांना घालायची सवय लागली, ती पाऊस बरा झाला तरी आम्ही सोडलेली नाही.

माळकरी, रोजेदार, उपवासवाले आणि मटण खाणारे एकाच खोलीत कसे सांभाळायचे?

सोपं आहे, फक्त आधी ठरवलेलं हवं. मटणाचं भगुनं, पळी आणि कुकर वेगळे, त्यांना लाल दोरा बांधलेला. आमचे ड्रायव्हर मामा माळकरी आहेत, रविवारी त्यांचं वरण आधी उतरतं आणि मग मटण चढतं. एकादशीला कोण उपवासाला आहे हे आदल्या रात्री पाटीवर लिहिलं जातं.

रमजानमध्ये सूर्यास्ताची वेळ रोज पाटीवर असते. बंबाच्या केबिनमध्ये खजुराचा डबा आणि पाण्याची बाटली ठेवतो, कारण रोजा सोडायची वेळ आगीवरही होऊ शकते. त्या महिन्यात संध्याकाळचं जेवण आम्ही सगळेच इफ्तारच्या वेळी घेतो, म्हणजे एक जण एकटा खातोय असं होत नाही. पहाटे सहरीला त्याच्यासोबत चहा प्यायला कुणीतरी उठतंच.

मार्गशीर्ष अमावस्येला, आमच्या भागातल्या येळवशीला, सगळा गाव शेतात जातो आणि आम्ही स्टेशनवर. त्या दिवशी ज्याचं शेत जवळ आहे त्याच्या घरून भज्जी (भाज्या-शेंगांचं एकत्र कालवण), बाजरीचे उंडे आणि आंबील येतं. त्या दिवशी आम्ही चूल पेटवत नाही.

एखादा माणूस ठरावीक जणाच्या हातचं खात नाही, तर?

हा प्रश्न फोनवर हळू आवाजात विचारला जातो. काय खायचं नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. कुणाच्या हातचं खायचं नाही, हे स्टेशनवर चालत नाही. राज्यघटनेच्या कलम १७ नं अस्पृश्यता रद्द केली आहे आणि ती पाळणं हा गुन्हा आहे.

आमच्याकडे एक वयस्क सहकारी होते. एका विशिष्ट पोराची स्वयंपाकाची पाळी असली की ते घरचा डबा घेऊन बाजूला बसायचे. तो पोरगा काही बोलायचा नाही, पण त्याच्या पाळीला भाकरी बिघडायच्या. तेव्हाच्या साहेबांनी दोघांना भाकरीच्या जोडीला लावलं, एकानं थापायची आणि एकानं भाजायची. चार दिवसांत भाकर कुणाच्या हातची हे सांगताच येईना. काकांनी डबा आणणं बंद केलं. तसं झालं नसतं तर लेखी तक्रार करायची, हेही साहेबांनी ठरवलेलं होतं, आणि ते योग्यच होतं.

महिला फायरमन आल्या की स्वयंपाक त्यांच्याकडे द्यावा का?

नाही. पाळीचा तक्ता एकच, नावं क्रमानं. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात २००२ मध्ये हर्षिनी कान्हेकर ही पहिली मुलगी दाखल झाली, ती आग विझवायला शिकायला. आमच्या ताई होज (पाण्याचा पाइप) अंथरण्यात माझ्याहून वेगवान आहेत आणि त्यांची खिचडी नेहमी खाली लागते. त्यांची पाळी असली की आम्ही ती खातो.

रात्रभर चालणाऱ्या आगीवर जेवण कसं पोचवायचं?

जिनिंगची, म्हणजे कापसाच्या कारखान्याची, आग ही आमच्या भागातली सगळ्यात लांब चालणारी. कापसाची १७० किलोची दाबलेली गाठ वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. ती फोडून, पसरवून भिजवावी लागते, त्यात दिवस जातो. उसाचा फडही वारा फिरला की पुन्हा उठतो.

ऑक्टोबर ते मे स्टेशनवर एक पिशवी तयार असावी. त्यात गूळ-शेंगदाणे, भाजलेले हरभरे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, मीठ-साखरेच्या पुड्या, कागदी पेले, साबण. दुसरा बंब निघाला की त्यात पाण्याचे दोन जार आणि धपाटे जातात. धपाटे दिवसभर टिकतात आणि एका हातात धरून खाता येतात. भात-वरण आगीवर पाठवू नका, सांडतं आणि बसायला जागा नसते. खाणं जिकडून वारा येतो त्या, बिनधुराच्या बाजूला, हात धुऊन, दोघा-दोघांनी. सगळ्यांनी एकदम होज सोडायचे नाहीत. अधिकाऱ्यांनी शेवटी खावं, ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे आणि मला ती आवडते.

लोक जेवण आणून देतात, घ्यावं का?

चहा-पाणी घ्यावं. ज्याची गंजी जळाली तो शेतकरी भाकर पुढे करतो तेव्हा नाही म्हटलं तर त्याला लागतं. आम्ही एक भाकर घेतो आणि सगळे तुकडा तुकडा खातो. मोठ्या पातेल्यातून आलेलं असेल तर कधी शिजवलं हे विचारायला लाजू नका.

१४ एप्रिलला काय असतं?

१९४४ मध्ये या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ फायरमन गेले. सकाळी मानवंदना होईपर्यंत आमच्याकडे चूल पेटत नाही. तीच बाबासाहेबांची जयंती, संध्याकाळी मिरवणुकीच्या रस्त्यावर बंब उभा असतो. दुपारी चारलाच पोटभर जेवून निघायचं, कारण मग रात्री बारापर्यंत कुणी जागचं हलत नाही. वस्तीवरून खीर येते, ती आम्ही आनंदानं खातो.

ज्या दिवशी जीव वाचत नाही, त्या दिवशी काय शिजवायचं?

विहिरीतून लेकरू काढलं, किंवा घरात कुणी भाजून गेलं, तर त्या दिवशी मटण, अंडी काहीही करायचं नाही. ठरलेलं असलं तरी रद्द. भाजलेल्या वासानं माणसं ताटावरून उठतात, मीही उठलोय.

आधी गोड चहा. मग मऊ भात, साधं वरण, तूप, मेतकूट, लिंबाची फोड. खायचा आग्रह करायचा नाही, पण ताट सगळ्यांचं वाढायचं आणि सगळ्यांनी बसायचं. कुणी बोललं तर ऐकायचं, टीव्ही लावायचा नाही. जो पोरगा आत होता त्याच्या शेजारी जुना माणूस बसतो. दोन-तीन ड्युट्या झाल्या तरी तो नीट जेवत, झोपत नसेल तर साहेबांना सांगून डॉक्टरांकडे न्यायचं. हे आम्ही उशिरा शिकलो.

भांडी कोण घासतं, आणि पाळी सोडताना काय ठेवायचं?

ज्यानं रांधलं तो सोडून सगळे घासतात. सकाळी पाळी सोडताना तवा घासून कोरडा केलेला, पिठाच्या डब्यात किमान अडीच किलो, दोन्ही जार भरलेले, चहा-साखर, लायटर खिळ्याला. भगुन्यात काही उरलं असेल तर काय आहे आणि किती वाजता केलं हे वहीत लिहायचं. मग पुढच्या पाळीतल्या एकाला आत बोलवायचं, त्यानं रेग्युलेटरला हात लावून "बंद आहे" म्हणायचं आणि त्यानंतर बंबाची चावी त्याच्या हातात द्यायची.